आय कम

फ्रीमाँट, अमेरिका

चि. नंदा,

बारा जूनला सकाळी नऊ वाजता, बोत्स्वानातल्या माउन गावी, सफारीच्या जीपमध्ये चढताना तू लॉजच्या बाईंना हात जोडून म्हणालीस, "आय कम." मी सगळ्यांदेखत खेकसले, "अगं, आय अ‍ॅम गोइंग म्हण! निघताना कोणी कम म्हणतं का?" सगळे हसले. मीही हसले.

निघताना 'जाते' म्हणू नये, हे आईने दोघींनाही शिकवलं होतं. कॉन्व्हेंटात मात्र बाबांनी मला एकटीलाच घातलं.

पण तूही काही कमी नाहीस! परवा भारतात परतताना, इथल्या विमानतळावर माझ्या पाया पडलीस आणि म्हणालीस, "आय अ‍ॅम गोइंग, ताई."

हे तिसरं पत्र. आधीची दोन न पाठवता माझ्या ड्रॉवरमध्येच पडली आहेत. तरीही हे मिळालं की पुढच्या रविवारच्या आत मला लेखी उत्तर हवं. एकच शब्द लिही: येते.

तुझी उद्धट ताई