शेजारच्या खोलीतला मंगळवार

मंगळवार, ४ सप्टेंबर

नवीन बाई आली. शाळेची बस चालवते, मान पार आखडलेली. आयुष्यातला पहिला मसाज, त्यामुळे पर्स छातीशी घट्ट धरून बसली होती. मी आपली सव्वीस वर्षांची कॅसेट लावली — आधी हा फॉर्म. सगळे आजार, सगळी औषधं, काही लपवायचं नाही. मग मी बाहेर जाईन, तुम्हाला बरं वाटेल तेवढेच कपडे काढा आणि चादरीखाली झोपा. दार वाजवल्याशिवाय मी आत येणार नाही. जिथे काम चाललंय तेवढाच भाग उघडा, बाकी झाकलेलं. दुखलं तर दहापैकी किती ते सांगा. थांबा म्हणालात की थांबले. आणि इथलं काही या भिंतींबाहेर जात नाही, तुमच्या नवऱ्यालासुद्धा कळणार नाही.

'तो कुठे काय विचारतोय!' म्हणाली. हसलो दोघी.

पलीकडच्या खोलीत डोरीनच्या टेबलावर माझा नवरा ताउनो होता. एक मंगळवार सोडून एक येतो, पाठीसाठी. दवाखाना दोघींचा, पण ताउनोला मी बघायचं नाही. नवऱ्यावर उपचार केला तर मसाज थेरपिस्टची नोंदणी जाते, आमच्याकडे कायदाच तसा आहे. ताउनो सगळ्यांना सांगतो, माझी बायको अख्ख्या थंडर बे गावाच्या पाठी रगडते, फक्त माझी सोडून.

शनिवार, ८ सप्टेंबर

परसातला सॉना, आमची वाफेची खोली, तापवला. ताउनो म्हणाला, आधी तू जाऊन ये. नेहमी बरोबर बसतो, एकतीस वर्षांत पहिल्यांदा असं! का म्हणून विचारलं तर म्हणे हल्ली उष्णता सोसत नाही. ज्याची आई म्हणे तिकडे फिनलंडला सॉनातच बाळंत झाली, त्याला उष्णता सोसत नाही.

एकटीच बसले. दगडांवर पाणी टाकायचंही विसरले.

मंगळवार, १८ सप्टेंबर

आज धुणं माझ्याकडे होतं. डोरीनच्या खोलीतलं बोचकं उचललं. ताउनो नुकताच गेला होता.

ताउनोच्या चादरी मला डोळे झाकून ओळखता येतील. जन्मभर बंदरावर धान्याच्या कोठारात पोती ओढलेली पाठ. डोरीन कोपर घालून रगडते आणि चादर तेलाने चिकट होते, निलगिरीचा वास दोन धुण्यांत जात नाही. आज चादर जवळजवळ कोरडी. वास नाही. आणि उशांचे अभ्रे चार.

चार उशा आपण कधी लावतो? पालथं झोपवायचं नसतं तेव्हा. कुशीवर, एक डोक्याखाली, एक पोटाशी, एक गुडघ्यांत, एक पाठीला. हात नुसता ठेवायचा, दाबायचं नाही. कॅन्सरच्या इस्पितळातून येतात त्यांना मी अशीच झोपवते.

मशीन सुरू केलं. पावडर घालायची राहिली.

बुधवार, १९ सप्टेंबर

डोरीनला विचारलं. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. सतरा वर्षं एकत्र काम करतोय, पण तिने मान वर केली नाही.

'रायली, तू हे मला विचारलंस, ते मी विसरून जाते,' म्हणाली.

तिच्या जागी मी असते तरी हेच म्हणाले असते. भयंकर राग आला. तिचा नाही. कुणाचा ते कळत नाही.

मंगळवार, २ ऑक्टोबर

पाच अभ्रे.

सोमवार, ८ ऑक्टोबर

थँक्सगिव्हिंग, कॅनडातलं. टर्की, भोपळ्याचा गोड पाई, वेलचीचा पाव. दोघंच होतो. ताउनोने ताटात नुसता काटा फिरवला. पट्ट्याला नवं भोक पाडलंय, खिळ्याने पाडलेलं असावं, वाकडं. मी सरळ विचारलं, ताउनो, मला काही सांगायचंय का तुला?

काट्याने एक तुकडा उलटा केला त्याने. मग म्हणाला, 'टर्की कोरडी झालीय गं.'

अशी चीड आली! भांडी आपटून घासली.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

डोरीन लवकर गेली. कपाटाची किल्ली माझ्याकडेही असते. कपाट उघडलं. ताउनोची फाईल तिसऱ्या खणात, माझ्या हाताच्या उंचीवर. बाहेर काढली. वरचं नाव वाचलं. माझंच आडनाव, डोरीनच्या गोल अक्षरात.

उघडली असती तर कुणाला कळणार होतं? कुणालाही नाही. पण त्या बसवालीला मी तोंडावर सांगितलंय, नवऱ्यालासुद्धा कळणार नाही. बायकोला कळेल असं कुठे म्हटलं होतं?

ठेवली परत. गाडीत बसून रडले, मग तोंड पुसून घरी.

एक गोष्ट इथे तरी खरी लिहिते. घरी नवऱ्याची पाठ चोळून दिली तर कायदा काही येऊन पकडत नाही. डोरीन देते तिच्या नवऱ्याला, खुशाल. मलाच बायको म्हणून चोळणं आणि उपचार करणं ही दोन कामं वेगळी करता आली नाहीत. हात लावला की बोटं गाठ शोधायला लागतात. आणि संध्याकाळी अंगठे ठणकत असायचे. 'अगं जरा खांद्याला बघ ना' म्हणाला की मी म्हणायचे, नियम आहे बाबा, डोरीनकडे जा. नियम माझ्या सोयीचा होता. पुढेपुढे तो विचारायचाच बंद झाला.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

घरी आले तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तपकिरी पाकीट. वर माझं नाव. ताउनो गॅरेजमध्ये. आपल्या फाईलची प्रत मागायचा पेशंटला हक्क असतो. त्याने डोरीनकडून आज ती मागून घेतली आणि माझ्यासाठी ठेवली. तोंडाने सांगणं जमलं नाही म्हणून.

पहिला फॉर्म मागच्या वर्षीचा, मे महिन्यातला. आजार — प्रोस्टेटचा कॅन्सर. यंदाच्या ऑगस्टमध्ये डोरीनची भर — मणक्यात आणि कमरेच्या हाडांत पसरलाय, दाब अगदी हलका, पालथं नको. औषधांची यादी तीन ओळींची. ती औषधं कुठे ठेवत होता हा माणूस? (गॅरेजमध्ये. खिळ्यांच्या डब्यात. नंतर दाखवलं.)

फॉर्मच्या शेवटी आम्ही एक प्रश्न घालतो. तो मीच घातलाय, डोरीन नको म्हणत होती. 'या उपचारातून तुमची काय अपेक्षा आहे?' लोक लिहितात, झोप यावी, गोल्फ खेळता यावं. ताउनोने लिहिलंय —

'रायलीला कळणार नाही इतपत सरळ चालता यावं.'

गॅरेजमध्ये गेले. तो उलट्या बादलीवर बसला होता, हातात काही नाही. दीड वर्ष, म्हटलं. दीड वर्ष, ताउनो!

'तू दिवसभर लोकांची दुखणी हाताळून येतेस,' म्हणाला. 'म्हटलं, घरी एक तरी धडधाकट माणूस असू दे.' आणि पुढे, 'तुझा तो नियम होता म्हणून निभावलं. तू एकदा जरी पाठीला हात लावला असतास, तरी तुला कळलं असतं.'

कळलं असतं. हो.

बुधवार, १७ ऑक्टोबर

टोरांटोला नोंदणी-संस्थेला राजीनामा लिहिला. चार ओळी. डोरीन म्हणाली, घाई करू नकोस, बायको म्हणून हात लाव, कोण अडवतंय. तिला सांगितलं, मला तसं येत नाही. मला जे येतं तेच मी त्याला देणार आहे, आणि ते नोंदणी ठेवून देता येत नाही. माझे पेशंट तूच घे. तिने मला जवळ घेतलं. तिच्या एप्रनला निलगिरीचा वास होता.

जेवणाच्या सुट्टीत पत्र पेटीत टाकलं. संपलं. सव्वीस वर्षं.

शनिवार, २० ऑक्टोबर

दुपारी दवाखान्यातलं मसाजचं टेबल घरी आणलं. ताउनोला म्हटलं, आता मी कुणी नाही, नुसती तुझी बायको. तरी सगळं पद्धतशीर करणार. तुला पटेल तेवढे कपडे काढ, मी बाहेर थांबते.

आणि स्वतःच्याच बेडरूमचं दार वाजवलं!

'कोण आहे?' आतून ताउनो. एवढं दुखत असताना चेष्टा सुचते मेल्याला.

चार उशा. हात गरम पाण्यात धरून गरम केले. चादर कमरेपर्यंत खाली घेतली आणि पाठ बघितली. एकेक मणका मोजता येत होता. कुठे गेली माझ्या माणसाची पाठ? हात ठेवला. पाच मिनिटं नुसता ठेवला. त्याला विचारलं, दुखतंय का, दहापैकी किती?

'दोन,' म्हणाला. खोटं. खांदा माझ्या हाताखाली आवळला होता. पण मग हळूहळू सैल पडला, आणि त्याला झोप लागली.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

आजपासून मंगळवार माझाच. डोरीन पर्शियन घेऊन आली, गुलाबी आयसिंगचे इथले गोड बन. ताउनोने अर्धा खाल्ला! कौतुक म्हणून लिहून ठेवते.

सोमवार, १२ नोव्हेंबर

पाठीला हात सोसत नाही आता. पावलं धरून बसते. म्हणाला, तुझे हात एवढे मऊ असतील असं वाटलं नव्हतं. एकतीस वर्षांनी हे ऐकायचं.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

सकाळी गेला. पावलं माझ्या हातात होती.

सोमवार, १० डिसेंबर

नोंदणी-संस्थेचं पत्र आलं. आपण दिलेल्या सेवेबद्दल आभार. राजीनामा ३० नोव्हेंबरपासून लागू.

मी समजत होते, पत्र पेटीत पडलं तेव्हाच सुटले. म्हणजे ताउनोवर एकोणीस वेळा उपचार केले, आणि एकोणीसही वेळा मी नोंदणीकृतच होते. सव्वीस वर्षांत मोडलेला हा एकच नियम. कुणाला सांगणार नाही, इथे लिहिते.

फार आधी मोडायला हवा होता.