उजव्या बाजूचं मडगार्ड

आप्पा, आज सकाळी आपल्या दुकानासमोर एक मोटार येऊन थांबली आणि तिच्या मडगार्डाकडं मी इतका वेळ बघत राहिले, की आत बसलेल्या बाईनं शेवटी विचारलं, "काय पाहिजे हो?" काय सांगणार तिला? काही नाही म्हणाले आणि मागच्या खोलीत येऊन बसले. आपलं दुकान म्हणते खरी, पण आता तिथं एकजण सायकली दुरुस्त करतो. मागची खोली तेवढी मी माझ्याकडं ठेवली आहे. तुमचा भाता होता त्या कोपऱ्यात आता माझी चूल आहे, आणि एका माणसाला किती भाकऱ्या लागतात याचा अंदाज मला अजून येत नाही. रोज एखादी उरतेच. तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ भांडले. कागदावर मात्र आजच उतरवते आहे. मुलीच्या जातीला कशाला शाळा म्हणून लोक बोलत असताना तुम्ही मला चौथीपर्यंत शिकवलंत, ते निदान एवढ्याला तरी उपयोगी पडतंय.

आई गेली त्या वर्षीचं हे सगळं आठवतंय. मी तिच्या दिवसांसाठी करमाळ्याहून आले होते. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या वाटेनं गेले आणि घरात आपण दोघं उरलो. दोघंही तोंडाला कुलूप लावलेली. घरात बोलणारी एकटी आईच होती. तुम्ही दिवसभर हंडे-घागरी ठोकायचात, मी त्या चिंच लावून घासायचे, आणि संध्याकाळी समोरासमोर बसून आपण मान खाली घालून जेवायचो. मला परत जायचं होतं. म्हणजे जावं लागणार होतं. करमाळ्याच्या घरात माझ्यावर सवत आली होती, तिची दोन मुलं अंगणात खेळत होती, आणि मी तिथं स्वयंपाकघरातल्या पाटासारखी होते: लागला की ओढायचा, नाहीतर भिंतीला उभा करून ठेवायचा. मारहाण कुणी केली नाही, उपाशीही ठेवलं नाही. तुला काय वाटतं, हे मात्र त्या घरात मला कुणी कधी विचारलं नाही. म्हणून त्या दिवसांत माझे कान तुमच्या तोंडाकडं लागलेले असायचे. 'राहा की गं' एवढंच तुम्ही म्हणावं, बाकी काही नको होतं. तुम्ही म्हणत नव्हतात आणि मला तुमचा मनस्वी राग येत होता.

तेवढ्यात गावातल्या डॉक्टरांची मोटार आली. होटगीच्या वाटेवर कापसाच्या गाडीला घासून तिचं डाव्या बाजूचं मडगार्ड चिंध्या झाल्यागत फाटलं होतं. नवं मागवायचं तर मुंबईहून, आणि तेही कधी येईल याचा नेम नाही. म्हणून त्यांचा ड्रायव्हर ती मोटार घेऊन थेट तांबटाच्या दारात आला. "चाचा, हंडा बनाते, तो ये भी बना देव," म्हणाला. तुम्ही मोटारीभोवती दोनदा फिरलात, फाटक्या मडगार्डावरून तळहात फिरवलात आणि हो म्हणालात. मी आतून बघत होते. तोपर्यंत तुम्ही आयुष्यात मोटारीला हातसुद्धा लावला नव्हता, पण चेहऱ्यावर असा भाव की जणू रोज दोन-चार मोटारी करता! तुमच्या हाताखालचा माणूस नुकताच गिरणीत लागला होता. एवढा लांब पत्रा एकट्यानं ठोकता येत नाही, दुसऱ्या टोकाला तो कुणालातरी धरावाच लागतो. तुम्ही आत वळून बघितलंत. "ये, धर," म्हणालात. आई गेल्यावर तुम्ही मला आपणहून म्हटलेले ते पहिले दोन शब्द.

मग तुम्ही घोडचूक केलीत. तांबं तापवून पाण्यात बुडवलं की मेणासारखं मऊ होतं, म्हणून लोखंडी पत्र्यालाही तोच पाहुणचार. पाण्यात चर्र झालं आणि पत्रा तळलेल्या पापडासारखा वेडावाकडा होऊन बाहेर आला. तुम्ही तो उचलून उलटसुलट करून बघितलात. मग म्हणालात, "लई हट्टी हाय की हे. तुज्या आईवानी." आणि हसलात. मीही हसले. हसता हसता दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तुम्ही उठून भात्याचं काहीतरी करायला गेलात, भात्याला काहीही झालेलं नसताना.

दुसरा पत्रा आणला. आता तो थंडच ठोकायचा. मी एक टोक छातीशी धरून बसते, तुम्ही समोरून लाकडी मोगरीनं हळूहळू त्याला बाक आणता. बोलणं नाहीच. ऐरणीवर हातोडीचे दोन हलके टोले म्हणजे पुढं सरकव, एक म्हणजे थांब. हे मला तुम्ही शिकवलं नाहीत, ते आपोआप कळायला लागलं. एकदा माझं लक्ष करमाळ्याकडं गेलं आणि हात सैल पडला. घाव चुकला. तुम्ही कडाडलात, "पत्रा धरलायस का पोर धरलंयस? आवळून धर की!" शब्द तोंडातून गेला आणि तुमचा हात वरच थांबला. मला मूल नाही हे तुम्हाला कुणी सांगायला नको होतं. मी पत्रा आवळून धरला आणि म्हणाले, "मारा." पण तुम्ही त्या दिवशी पुन्हा हातोडी उचलली नाहीत. दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या बाजूच्या सगळ्या काठाला तुम्ही गोणपाट गुंडाळून ठेवलेलं. तुमची बाजू तशीच उघडी, धारदार. मला तेव्हा त्यातलं काही दिसलं नाही, आप्पा. मला वाटलं, हात कापले तर काम अडेल म्हणून.

कारण त्याच आठवड्यात माझे दीर मला न्यायला आले होते. ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "वैनीला घिऊन जातो. तिकडं घरात लई वढाताण व्हतीया." मी दाराआड उभी. तुम्ही हातातलं काम न सोडता म्हणालात, "मोटारीचं काम अर्दं हाय. पत्रा धराया मानूस न्हाय. झालं की धाडून देतो." दीर गेले. राहायला मिळालं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी चुलीपुढं बसून रडले. तिकडं भाकऱ्या थापायला हात हवे, इकडं पत्रा धरायला हात हवे. हातांच्या मागं मी आहे की नाही, हे कुणाच्या लेखी नाही असं मला वाटलं. तुमच्या तोंडून दुसरं काहीतरी ऐकायला माझा जीव आसुसला होता.

मडगार्ड झालं, आणि सुरेख झालं. पण जातीचा तांबट गप्प बसेल तर शपथ! भांडं घडून झालं की आपण त्यावर हातोडीचे बारीक, एकसारखे ठसे ओळीनं उठवतो, त्याला मठार म्हणतात. त्याशिवाय आपल्या डोळ्यांना काम पुरं झाल्यासारखं वाटत नाही. तुम्ही त्या मडगार्डावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मठार केलात. ड्रायव्हर आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "क्या चाचा, ये मोटार हय की पानी का हंडा?" गल्ली गोळा झाली, सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. नंतर आपण दोघांनी बसून ते सगळे ठसे एकेक करून सपाट केले. मी खालून लोखंडी ठोकळा टेकवायचा, तुम्ही वरून हलक्या हातानं मारायचं. वर काळा रंग बसला आणि तुमचा हात त्यावरून फिरलाय हे ओळखायला काही खूण राहिली नाही. मोटार गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला जेऊरच्या आगगाडीत बसवलंत. "डबा घेतलास न्हवं?" विचारलंत. व्हय म्हणाले. गाडी हलली तरी तुम्ही दुसरं काही बोलला नाहीत.

वर्ष गेलं. करमाळ्यात माझं तेच चाललं होतं. एके दिवशी सकाळी मोडीची भांडी गोळा करणारा आपला ओळखीचा माणूस दारात आला आणि तुमचा निरोप सांगितला: डॉक्टरांच्या मोटारीचं आता उजव्या बाजूचं मडगार्ड मोडलंय, मोटार अंगणात आणून लावलीय, पत्रा धरायला लेकीला धाडा. मी आले. अंगणात मोटार नव्हती. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "उद्या येनार हाय." उद्या गेला, परवा गेला. मग तुम्हीच म्हणालात, "तवर पत्रा तरी करून ठिवू." माप कशाचं घेणार, मी विचारलं. "हाय की डोक्यात," म्हणालात.

आपण ते मडगार्ड केलं, आप्पा, आणि किती सावकाश केलं! दुपारी तुम्ही हातोडी ठेवायचात आणि आईच्या गोष्टी सांगायचात. लग्नात ती कशी रुसली होती, अक्कलकोटच्या बाजारात कानडी बोलून तिनं कशी घासाघीस केली होती. इतकं बोलणं तुमच्यात कुठं दडलं होतं कोण जाणे. मडगार्डावर तुम्ही मठार केलात, ओळीमागून ओळ, आणि या खेपेला मोडता घालायला कुणी आलं नाही. करमाळ्याहून दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा तुम्ही काम अर्धं असल्याचं सांगितलंत. तिसऱ्या वेळी दीर स्वतःच आले आणि मला जावं लागलं. तुम्ही त्याच उन्हाळ्यात तापानं गेलात. मी येऊन पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढं दुकानातलं सामान निघालं तेव्हा ते मडगार्डही लोखंडाच्या भावात गेलं. घेणारा म्हणाला, हे कुठल्या मोटारीचं बाई? नवरा गेल्यावर मी कुणाला न विचारता इथं राहायला आले. इथं मला हाक मारून बोलावणारं कुणी नाही, आणि काही वेळा संध्याकाळी ते फार जड जातं.

हा कागद कुठं धाडायचा, हे चौथीत शिकवलं नव्हतं. तो इथंच राहील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. तुमचा निरोप आला त्याच दिवशी दुपारी मी करमाळ्यातच कमलाभवानीच्या देवळात गेले होते. डॉक्टरांची मोटार देवळापुढं उभी होती. डॉक्टरांनी घरच्या मंडळींना दर्शनाला आणलं होतं. उजवं मडगार्ड धडधाकट, त्यात तोंड दिसेल असं. ड्रायव्हरनं मला ओळखून सलाम केला. मी मोटारीला एक चक्कर मारून घरी गेले आणि सासूबाईंना म्हणाले, आप्पांच्या अंगणात मोटार मोडून पडलीय, मला गेलंच पाहिजे. जेऊरच्या स्टेशनापर्यंत बैलगाडीत मी एकटीच हसत होते.