चौदा चतुर

अक्का,

ओंदु, एरडु, मूरु. तळ्याच्या बांधावर उकिडवी बसून पोरं कुजबुजत चतुर मोजायची, तो आवाज तीस वर्षांनीही कानात आहे. घरं मराठी, पण मोजणं कन्नडमध्ये, गल्लीत खेळून लागलेली सवय. तुम्ही म्हणायचात, कुठल्याही भाषेत मोजा, दिसलं तेवढंच लिहा. दर शनिवारी तीच जागा, तोच अर्धा तास, आणि महिनाअखेरीला सगळी कार्डं किड्यांचा अभ्यास करणाऱ्या तुमच्या ओळखीच्या प्राध्यापकांकडे पोस्टानं. मी आपला त्याच मुलांना रविवारी कविता शिकवणारा. "सर, तुमच्या कवितेत चतुर नुसता उडतो. खातो काय, ते कधी सांगणार?" असं म्हणून तुम्ही हसायचात.

ताप आला म्हणून एका शनिवारी तुम्ही मुलं माझ्यावर सोपवलीत. पोरं जागोजागी बसली आहेत, मी बांधावर ओळी गुणगुणतोय. नव्या इमारतींचं सांडपाणी शिरायचं त्या टोकाला बसलेली नऊ वर्षांची मुलगी कार्ड घेऊन येते. त्यावर शून्य. मला ते फार भकास वाटलं. तुम्ही अंथरुणावर, आणि तुम्हाला हे दाखवायचं? खोडरबरानं पुसून मी चौदा लिहिले. चौदाच का, तर कानाला बरं वाटलं.

"सर, पण मी बघत होते. एकही नव्हता."

"नीट बघितलं नसशील गं."

कार्डाचं एक वेळ सोडा, हे वाक्य मला आजही खातं. पुढच्या शनिवारी तुम्ही आकडा वाचलात. "चौदा? म्हणजे त्या कोपऱ्यात अजून जीव आहे." तुमचा चेहरा असा उजळला की मी गप्प बसलो. ती मुलगी मात्र त्यानंतर शेजारणीच्या कार्डात डोकावून मगच आकडा लिहू लागली. तुमच्या नजरेतून ते सुटलं नाही. "हिला काय झालं हो सर? आधी स्वतः बघायची." मी म्हणालो, वय असतं. वर्षभरानं तुम्ही गेलात. तोवर दर शनिवारी मला सांगता आलं असतं.

काल खालच्या मजल्यावरची मुलगी, पुण्याहून आलेल्यांची, जिन्यात भेटली. शाळेसाठी बागेतली फुलपाखरं मोजायची आहेत, सोबत याल का, म्हणाली. मी म्हटलं, बाळ, माझे डोळे अधू झालेत. अक्का, चष्मा लावला की मला समोरच्या गच्चीवरचे कपड्यांचे चिमटेसुद्धा दिसतात. हे पत्र कपाटातच राहणार, निदान इथे तरी खरं लिहावं.

एवढं लिहिलं आणि बेल वाजली. नाही म्हटल्यावर ती वर येईल असं वाटलं नव्हतं. हातात वही, पेन्सिल.

"आजोबा, बघायचं काम माझं. तुम्ही फक्त लिहा. पण मी सांगेन तेवढंच हं, सरी?"

पुण्याची पोर, पण ‘ठीक ना?’ऐवजी गल्लीतलं कन्नड ‘सरी?’ तिच्याही तोंडी बसलंय. ती दारात थांबली आहे. चष्मा शोधतो असं सांगून मी आत आलोय, अक्का. तो नाकावरच आहे.