चुन्याखालची शेळी

सोम., ३ फेब्रु.
पाली गावामागच्या डोंगरावर, मठात. गुडघा कुरकुरला, दामटला. सभामंडपात उत्तरेच्या भिंतीवरचा चुन्याचा पोपडा गळालाय, आतून मोराची मान डोकावतेय. निळीभोर. जन्मभर पोरांना चित्रकला शिकवली. दर सहलीला याच भिंतीला पाठ टेकून डबा खाल्ला मी. धन्य.

गुरु., ६ फेब्रु.
चाकूच्या बोथट बाजूने खरवडतोय. घाई नडली, मोराचा डोळा गेला. लई वाईट वाटलं. गेरू, नीळ, काजळी, एवढ्यावर सगळं भागवलंय रंगवणाऱ्या पठ्ठ्यानं. वरचा घुमट धुराने काळाठिक्कर, चुन्याखालचे रंग मात्र ताजे. म्हणजे दगडूआबांच्या घराण्यानेच हे जपलं, नकळत. शिवरात्रीआधी मठाला चुना द्यायचा मान त्यांचा, पिढ्यान् पिढ्या. यंदाही देणारच. आता खरवडून सैल पडलेले रंग ओल्या चुन्याने पुसले जाणार...

रवि., ९ फेब्रु.
आबांकडे. शेळ्या सोडत होते. एवढी एक भिंत यंदा राहू द्या म्हणालो. चहा पाजला. निघताना म्हणाले, "बाप तापानं फणफणला तरी चुना चुकला न्हाई, मास्तर. मी कशापायी मोडू?"
जीव लावणारा माणूस, पण हटून बसला की बसला.

मंगळ., १८ फेब्रु.
आबा आपणहून मठात. मी मोर दाखवला, नंतर निघालेली पालखी दाखवली, त्यांचं लक्ष नाही. कोपऱ्यात उकिडवे बसून भिंतीवर रंगवलेल्या शेळीवर बोट ठेवलं. डावा कान दोनदा कातरलेला, उजवा अखंड. मी ती चित्रकाराची चूक म्हणून वहीत टिपून ठेवलेली. शहाणाच मी!
"ही आमची खूण हाय. अजून असाच कान कातरतो आमी."
मग, "म्हंजे आमीच आमची शेळी झाकत आलो."
झाकली म्हणूनच राहिली, आबा, असं म्हणालो. खरं तेच. माझ्या विरुद्ध गेलं तरी.

मंगळ., २५ फेब्रु.
उद्या शिवरात्र. दुपारपर्यंत सगळा मठ पांढराशुभ्र. ही भिंत तेवढी उरली. आबा बादली खाली ठेवून शेळीसमोर बसले, तिच्या कानावरून अंगठा फिरवला. उठताना म्हणाले, "उद्या दिस उगवायला येतो मी, ही भिंत उरकाया. चुना वाळू देऊ नका, मास्तर."
वाळू द्यावा, असं दोनदा मनात आलं. शेवटी पोतं भिजवून बादलीवर टाकलं.