टर्बोच्या गाडीत ट्रॅक्टरचं तेल

खंडेनवमी, दिवेलागण

गाडीखाली घमेलं लावलंय. तेल गळतंय तोवर लिहितोय.

जुनी घेतलेली टर्बो गाडी, तिच्यासाठी मी पातळ तेलाचा डबा आणून ठेवलता. बाबांनी सकाळी पूजेआधी तिच्यातलं तेल काढून ट्रॅक्टरचं घट्ट तेल भरलं. "तुझं ते पाणी इंजिन काय सांभाळतंय?" माझ्या डब्याला नुसतं हळदकुंकू लावलं.

केजच्या मिस्त्रीला फोन केला. "चालूच करू नका. टर्बोला तेल पोचलं न्हाई तर घाटात जाम होईल."

बदलायला बसलो, तर बाबा आडवे आले. "पुजलेल्या पान्ह्याला आज हात लावायचा न्हाई. सूनबाईचे दिवस भरलेत, अपशकुन कावून करतो?"

दिवस भरलेत म्हणूनच तर! बीडचा दवाखाना घाटापलीकडं, आणि गावातल्या जीपाही आज पूजेला उभ्या.

बाबा देवळात गेले तसं पान्ह्यावरचं कुंकू पुसलं. कुंकूच पुसलं मी, आजच्या दिवशी. बोट लाल हाय, या पानालाबी लागलंय.

आत्ता रेखानं आतून विचारलं, "अहो, गाडी तयार हाय ना? कळा सुरू झाल्यात."

"हाय," म्हणालो.

घमेल्यात अजून थेंब थेंबच पडतंय.