बी साइडची घाई

सेक्टर सहा, भिलाई
३ नोव्हेंबर १९९१

प्रिय ओम,

नमस्कार. आधी ओमप्रकाश लिहिलं होतं, मग 'प्रकाश' खोडलं. सहा वर्षांनी पत्र लिहून राहिलो, निदान नाव तरी जुनंच असू दे.

आम्ही सगळे इथं मजेत आहो. क्वार्टरले दिवाळीचा चुना मारणं चालू आहे, सगळं सामान अंगणात काढलं आहे आणि मी त्याच पसाऱ्यात पलंगावर बसून लिहून राहिलो. रुक्मा आतून दोनदा ओरडली की उठा, पलंग हलवायचा आहे. रुक्मा म्हणजे माझी बायको, तू तिले पाहिलं नाही. तिचे अनारसे या वर्षी पण तेलात हसले. ती रडवेली झाली, आणि मी चुरा वाटीत घेऊन खाल्ला तर अजूनच चिडली.

तुझी आई भेटली परवा. गुडघे दुखतात म्हणे, पण रिसालीहून पायीच आली होती. तब्येत चांगली दिसली. तुझी चौकशी केली तर म्हणाली, ओमचं बरं चाललं आहे, रेल्वेच्या ऑफिसात खुर्ची मिळाली, पंखा पण डोक्यावरच आहे. मले बरं वाटलं.

ती कुठं भेटली ते सांगायचं म्हणूनच हे पत्र आहे बाप्पा. पण सांगतो सावकाश.

परवा बाबारावकाका रिटायर झाले. तुले आठवते ना, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधले आमचे चार्जमन, अमरावतीकडचे, ज्यांचा आवाज मिल चालू असली तरी ऐकू येते? शेडच्या बाहेर मंडप टाकला, हार, शाल, नारळ, सगळं रीतसर. कुटुंबाच्या लोकांनाही बोलावलं होतं. काकूंची आणि तुझ्या आईची भजनाची ओळख, म्हणून ती पण दुसऱ्या रांगेत बसली होती. मी पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात, काकांच्या हाताखाली दहा वर्षं काढलेला चेला म्हणून.

काका भाषणाले उठले. मशिनींचे आभार मानले, साहेबांचे मानले, आणि मग माझ्याकडं बोट दाखवलं.

"हा देवानंद! पंच्याऐंशी साली याले सुट्टी मिळाली नाही. माझ्यापाशी आला, म्हणे काका, माझी सेकंड शिफ्ट आहे, दोन वाजता तुम्ही सुटले की मी यायचा, पण मले नागपूरहून यायले थोडा उशीर होईल, थांबाल का? म्या म्हटलं थांबतो. आता पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडता येते का? पावणेसातपर्यंत उभा होतो बाप्पा, सकाळी सहापासून! आणि मग हा धावत आला, अंगात चमचम शर्ट! एक वाजताची गाडी पकडून आला, म्हणे काका, तुमच्यासाठी अख्खी कॅसेट घाईघाईत उरकून आलो!"

सगळा मंडप हसला. काका स्वतः इतके हसले की शाल खाली पडली. आणि मी वळून पाहिलं तर तुझी आई थेट माझ्याकडं पाहून राहिली होती.

मले वाटलं, आता पकडलो गेलो, ओम. आता ती तुले लिहील, आणि तिनं लिहिण्याआधी मी लिहिलेलं बरं, हा खरा हिशोब आहे. मोठं मन वगैरे काही नाही.

तर ऐक. त्या दिवशी नागपूरच्या स्टुडिओवाल्याकडं एक वाजता दुसरी कोणतीच पार्टी नव्हती. स्टुडिओ आपल्याले संध्याकाळपर्यंत होता. एक वाजता दुसरे गाणेवाले येतात असं मी तुम्हाले सांगितलं ना, ती पार्टी मी काढली होती, माझ्या डोक्यातून.

आपला बँड म्हणजे आपण चौघं. तू ड्रमवर, मी आणि श्यामरावांचे दोन पोट्टे. चौघांच्या सुट्ट्या आठ महिन्यांत एकदा जुळून आल्या होत्या. माझी सुट्टी ऐन वेळी नामंजूर झाली. तुम्हाले सांगितलं असतं तर तू म्हटलं असतं, चला, पुढं पाहू. आणि पुढं कधी झालं नसतं हे मले पक्कं माहीत होतं. म्हणून बोललो नाही. मले ती कॅसेट पाहिजे होती रे. आपलं नाव छापलेलं पाहिजे होतं. ('ब्लूम' नाव आपण मिलमधल्या त्या लालभडक लोखंडी ठोकळ्यावरून ठेवलं आणि कव्हर छापणाऱ्यानं गुलाबाचं फूल काढलं, ते अजून आठवलं की हसू येते.)

ए साइड कशी झाली होती! चार गाणी, सकाळी सातपासून, निवांत. आजही मी ती लावतो, तर रुक्मा म्हणते हे खरंच तुम्ही आहे का. मग साडेअकरा वाजले, आणि मी 'पार्टी येते, पार्टी येते' सुरू केलं. चार गाणी पाऊण तासात. ड्रमच्या काड्या ठोकून मोजणी द्यायले त्या स्टुडिओवाल्यानं तुले मनाई केली होती, आवाज माइकमध्ये घुसते म्हणून, त्यामुळं एक-दोन-तीन-चार मीच तोंडानं म्हणत होतो, आणि तुम्ही त्याच वेगानं वाजवायचं. आणि मी काय मोजत होतो? मी स्टेशनवरची गाडी मोजत होतो.

'जामुलची धूळ' पण तशीच गेली. तुझं एकुलतं एक गाणं. तू ते किती हळू बसवलं होतं. सिमेंटची धूळ पडते तसं पडलं पाहिजे, म्हणत होता. मी त्याची वरात करून टाकली.

मग कॅसेट आली आणि लोक म्हणाले, ए साइड चांगली आहे, बी साइडले ड्रमवाल्याचा हात पळाला. कोहक्याच्या गणपतीत त्या पोट्ट्यांनी तुले 'मेल गाडी' नाव ठेवलं. मी तिथंच उभा होतो. मी काही म्हटलं नाही. तू ड्रम झाकून ठेवला, मग विकला, मग बदली मागून गेला. मी काहीच म्हटलं नाही. कावून नाही म्हटलं ते मलेही नीट सांगता येत नाही. पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवशी वाटलं उद्या सांगू, आणि नंतर इतका उशीर झाला की सांगायचीच लाज वाटायले लागली.

परवा काकांचं भाषण ऐकून घरी आलो आणि जेवलो नाही. काका माझ्या जागी पावणेपाच तास जास्त उभे राहिले आणि त्याची गोष्ट करून हसले. तू माझ्या जागी सहा वर्षं उभा आहे, ओम. माझी चूक धरून. आणि रिलीव्हर आलाच नाही.

मी आलो आहे. उशीर झाला, पण आलो आहे. तू सोड आता ती जागा. बी साइड माझ्यामुळं बिघडली. तुझा हात कधीच पळाला नव्हता.

हे मी श्यामरावांच्या दोन्ही पोरांना काल घरी जाऊन सांगितलं. धाकट्यानं शिवी दिली, मोठ्यानं चहा पाजला. गणपती मंडळाच्या पोट्ट्यांना पण सांगणार आहे. त्यांतल्या दोघांचे तर आता केस गेले.

लिहून टाकलं तर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटून राहिलं. तू फाडून टाकलं तरी चालेल. फक्त आधी वाच.

आता पलंग हलवून राहिले, मी अजून त्याच्यावरच आहे.

तुझ्या शिव्या खायले तयार बसलेला,
देवानंद


इटारसी
१७ नोव्हेंबर १९९१

देवा,

तुझं पत्र दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. उत्तराले उशीर कावून झाला ते पुढं कळेल.

पहिली गोष्ट. आईनं मले काही लिहिलं नाही. मी ऑफिसातून रिसालीले शेजाऱ्यांच्या फोनवर बोलावून तिले विचारलं. ती म्हणे, त्या भाषणात कोणाले काय ऐकू येते, माइक नुसता किरकिर करून राहिला होता. मी म्हटलं, मग देव्याकडं कावून पाहत होती? तर म्हणे, तो पुढं बसला होता, त्याले विचारावं म्हटलं की जेवण केव्हा सुरू होते. तर समजलं का बे? तुले कोणी पकडलं नव्हतं. तू नुसताच घाबरला.

मी इतका हसलो की माझी बायको दुर्गा आतून पाहायले आली.

दुसरी गोष्ट. मले माहीत होतं. अबे, ड्रम वाजवणाऱ्याले मोजणी कळत नाही का? बी साइडच्या दुसऱ्याच गाण्याले ओळखलं की तू पळून राहिला. तू मोजशील तसं वाजवायचं ठरलं होतं, म्हणून वाजवलं. 'जामुलची धूळ'च्या वेळी मी तुझ्याकडं पाहिलं पण होतं, तू घड्याळाकडं पाहून राहिला होता. खरं कारण माहीत नव्हतं, ते आता कळलं. बाबारावकाकांसाठी पळत होता म्हटल्यावर राग अर्धा तिथंच गेला. म्हातारा माणूस तेरा तास उभा, तुले पळायलेच पाहिजे होतं. मले सांगितलं असतं तर मी तुझी बॅग घेऊन स्टेशनवर उभा राहिलो असतो.

तिसरी गोष्ट, आणि ही गंमत नाही. तू लिहिलं की कोहक्याच्या गणपतीत मी काही म्हटलं नाही. तू हसला होता, देवा. त्या पोट्ट्यांसोबत तू पण हसला. ते तू पत्रात लिहिलं नाही. मोजणीचा राग मले कधी नव्हताच, तो त्या हसण्याचा होता. बदली मी त्याच्यामुळं मागितली. तुझं पत्र वाचून पहिले आठ दिवस मी चिडूनच होतो, उत्तर लिहायले घेतलं आणि तीनदा फाडलं. दुर्गा म्हणाली, माणसानं पाच पानं लिहिली आणि एक ओळ राहिली, तर ती ओळ तुम्हीच लिहून टाका आणि मोकळे व्हा. तर लिहिली. झालं. आता माझ्याकडं काही शिल्लक नाही, खरंच नाही.

मी सहा वर्षं वाट पाहून राहिलो होतो की तू कधी तरी बोलशील. मीच बोललो असतो तर भांडण करून मोकळा झालो असतो, पण मले भांडण नको होतं. मले तू पाहिजे होता.

या पाकिटात अजून एक वस्तू आहे. माझ्या लग्नाची पत्रिका. एप्रिल अठ्ठ्याऐंशीची. तुझं नाव मी माझ्या हातानं लिहिलं होतं, सेक्टरचा पत्ता पण टाकला होता, तिकीट पण लावलं होतं, आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन परत आणली. साडेतीन वर्षं ती माझ्या कपाटात कागदाखाली पडून होती. ती शोधण्यातच चार दिवस गेले, म्हणून हा उशीर.

तारीख निघून गेली आहे, मुहूर्त पण टळला आहे. तरी सहकुटुंब येणे. रुक्मावहिनीले घेऊन येजो.

जेवणाच्या पानावर तुझी वाट पाहणारा,
ओम