दादा, तुझ्या उंचीचं कारण कळलं

प्रिय दादा,

तुझा रिपोर्ट आला. हो, तू गेल्यावर! तेराव्याच्या गडबडीत तो कुणी आणायलाच गेलं नव्हतं. गेल्या आठवड्यात मी सिल्वासाला जाऊन आणला. डॉक्टरांनी माझंही रक्त तपासायला घेतलं, त्याचं आज कळलं. मी ठीक आहे. पण हे आधी तुला नाही तर कुणाला सांगू?

मेंदूत रक्ताची गाठ झाली, हे ठाऊक होतं. पण चौतिसाव्या वर्षी का? डॉक्टर म्हणाले, अंडी, दूध, डाळी पचल्या की शरीरात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ तयार होतो. त्याची विल्हेवाट लावणारं एक एन्झाइम असतं. तुझं जन्मापासूनच दुबळं होतं. पदार्थ रक्तात साचत गेला. तुझी ताडमाड उंची, लांबलचक बोटं, डोळ्यातलं सरकलेलं भिंग, सगळं त्याचंच म्हणे! आणि आम्ही काय हसायचो! सुताच्या कारखान्यात तर तुझं नावच पडलं होतं. "अरे लंबू, ऊपर का बॉबिन उतार." तूही हसत उतरवायचास.

एक गोष्ट मात्र गिळवत नाही. तू हडकुळा म्हणून मी रोज तीन उकडलेली अंडी तुझ्या डब्यात कोंबायचे. "बस ना, शोभी," तू म्हणायचास. ऐकलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, दोष अंड्यांचा नाही, तुमचा तर नाहीच. डोक्याला पटतं रे, मनाला नाही.

तुझाही राग येतो. नजर अंधुक झाली तेव्हा जाडा चष्मा लावून गप्प का बसलास? वेळेत कळलं तर काहींना बी-सिक्सची साधी गोळीही लागू पडते!

आता उरला आपला धाकटा, योगेश. तुझीच उंची, तुझाच चष्मा. भावंडांनी तपासून घेतलंच पाहिजे असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "ताई, माले काहीच व्हयेल नही. एकदम फिट शे मी." फिट कसला, घाबरलाय. दवाखान्यात शेवटी तुझा हात त्याच्याच हातात होता ना.

माझं तो ऐकणार नाही. तुझा शब्द मात्र त्याने कधी मोडला नाही. म्हणून उद्या मी सरळ खोटं बोलणार आहे. सांगणार, दादा स्वप्नात आला होता, म्हणाला, योग्याला घेऊन जा.

वचन देते, त्याला नेईनच. तू अजून एकदाही स्वप्नात आला नाहीस. आज ये ना रे, मला खोटं तरी बोलावं लागणार नाही.

तुझीच,
शोभी